एकच मूळ फाइल: आत्याच्या ओव्यांमधून वर्ड, पीडीएफ आणि ई-पुस्तक

गेली नऊ वर्षं मी माझ्या आत्याच्या ओव्या उतरवून घेते आहे. मी बेळगावात शहापुरात राहते, आत्या जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीत. महिन्यातून एकदा चोर्ल्याच्या रस्त्यानं जाणारी बस धरायची, तिच्या पडवीत बसायचं आणि ती सांगेल तसं लिहायचं. जातं आता अंगणाच्या कोपऱ्यात पडून आहे, पण हात गुडघ्यावर गोल फिरवत ती सूर धरते आणि ओवी येते. आज माझ्याकडं सहाशेच्या वर ओव्या आहेत, आणि सोबत तिच्या बोलीतल्या शब्दांची एक यादी.

हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत आहे. रंग नाही, फाँट नाही, नुसती अक्षरं. पण तशी फाइल बाहेर कुणालाच नको असते. छापखान्याला वर्ड लागतं. शाळेतल्या बाईंना वर्गात लावायला पीडीएफ लागतं. पुण्याच्या चुलतबहिणींना मोबाइलवर वाचायचं असतं. थंडीच्या दिवसांत आमच्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तेव्हा कुणीतरी स्मरणिकेसाठी दहा ओव्या मागतं, त्याही टाइप केलेल्या. या सगळ्या प्रती एकाच मूळ फाइलीतून कशा काढायच्या ते इथं सांगते. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होते आणि हे सगळं पन्नाशीनंतर शिकले, तेव्हा तुम्हालाही जमेल.

मूळ फाइल कशी ठेवायची

पहिल्या दोनशे ओव्या मी एका दुकानात टाइप करून घेतल्या होत्या, जुन्या पद्धतीच्या फाँटात. त्या फाँटांत खरी मराठी अक्षरं नसतात. फाइलीत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, आणि फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. दुकान बंद झालं. सीडी घरच्या संगणकात घातली तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. मग त्या ओव्या वहीवरून मी स्वतः जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये टाइप केल्या. जतन करताना एक इशारा आला, तो न वाचता मी 'ओके' दाबलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. वहीतली काही पानं तोवर भिजून गेली होती, म्हणून पुन्हा आत्याकडं गेले. ती म्हणाली, "परत सांगतो की. कुठं पळून जातोय मी?" सांगितल्याही तिनं, पण काही ओव्या पहिल्या रूपात परत आल्या नाहीत. ते अजून मनात आहे.

म्हणून पहिली गोष्ट: मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत टाइप करायचा आणि फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्याच साठवणीच्या प्रकारात जतन करायची. विंडोज १० च्या २०१९ सालच्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करतं. त्याआधीचं नोटपॅड असेल तर 'सेव्ह ॲज'च्या खिडकीत खाली 'एन्कोडिंग'चा रकाना असतो, तिथं यूटीएफ-८ निवडा.

माझ्या संगणकावर दोन फोल्डर आहेत, 'बियाणं' आणि 'धाडायचं'. आमच्या खानापूर भागात पेरणीचं भात वेगळ्या कणगीत ठेवतात, त्याला खायला हात लावत नाहीत. तसं 'बियाणं'मध्ये फक्त मूळ मजकूर. दुरुस्ती करायची ती तिथंच. 'धाडायचं'मधली कुठलीही फाइल मी डोळे झाकून पुसू शकते, कारण ती मिनिटभरात पुन्हा तयार होते. फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत ठेवा आणि मध्ये जागा सोडू नका. छापखान्यांतल्या जुन्या संगणकांवर देवनागरी नावांच्या फाइली कधी कधी उघडत नाहीत.

मजकुरात कुठल्या खुणा करायच्या

साध्या मजकुरात शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठं संपतो हे संगणकाला कळावं म्हणून थोड्या खुणा कराव्या लागतात. त्या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली मांडली. पाच मिनिटांत शिकता येते. ओळीच्या आधी # आणि एक जागा सोडली की ते मोठं शीर्षक, ## म्हणजे उपशीर्षक. मध्ये एक कोरी ओळ सोडली की नवा परिच्छेद. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे (**) लावले की ठळक.

व्हॉट्सॲपवर ठळक करायला एकच तारा लावायची सवय आपल्याला असते. मार्कडाउनमध्ये एका ताऱ्यानं अक्षर तिरपं होतं. देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपराच नाही. शिरोरेषा कलंडलेली वाचायला त्रास होतो. तेव्हा मोबाइलवरून मजकूर आणलात तर एकेरी तारे शोधून दुहेरी करा.

आकड्यांचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. '१.' '२.' असे देवनागरी आकडे टाकून यादी केलीत तर ती यादी म्हणून ओळखली जात नाही आणि सगळ्या ओळी एका परिच्छेदात गोळा होतात. यादीपुरते इंग्रजी आकडे टाका. उलट, परिच्छेदाची सुरुवात इंग्रजी आकड्यांतल्या सालानं झाली आणि पुढं लगेच पूर्णविराम आला, तर त्यालाच यादी समजलं जातं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्या दिवसांची आत्याची एक आठवण मी साल आणि पूर्णविराम देऊन सुरू केली होती. वर्डमध्ये तो एक हजार नऊशे छपन्नावा मुद्दा होऊन बसला. पूर्णविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ (\) दिली की हे थांबतं. साल देवनागरीत लिहिलं तर प्रश्नच येत नाही.

आता ओव्यांचं मुख्य दुखणं. मार्कडाउनमध्ये नुसतं एंटर दाबून ओळ मोडली तर ती निर्यात करताना, म्हणजे मूळ फाइलीतून वर्ड वगैरे काढताना, मोडत नाही. पुढची ओळ मागच्या ओळीला चिकटते. गद्याला ते चालतं. ओवीचा त्यानं जीव जातो. ज्या पॅनडॉकबद्दल पुढं सांगणार आहे त्यात यावर सुंदर सोय आहे: प्रत्येक ओळीच्या आधी उभी रेघ आणि एक जागा. अशी:

| दळण सरलं बाई, जात्यात उरली ओंजळ
| मलप्रभेच्या पाण्यावाणी, जीव माझा नितळ

अशा ओळी वर्डमध्ये, पीडीएफमध्ये, ई-पुस्तकात जशाच्या तशा मोडतात. एका ओवीनंतर कोरी ओळ सोडली की दुसरी ओवी सुरू.

पण ही उभी रेघ आणि आपला दंड (।) दिसायला सारखेच असतात, आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. मी मराठी कळफलक चालू ठेवून तीसेक ओव्यांना रेघेऐवजी दंड दिले होते. निर्यात केल्यावर सगळ्या एका परिच्छेदात, मध्ये मध्ये दंड. कारण शोधण्यात संध्याकाळ गेली. रेघ टाइप करताना कळफलक इंग्रजीवर न्या.

आणखी एक बारीक गोष्ट, पण अर्थ बदलणारी. 'जांबोटीच्या दऱ्या' यातलं 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतं. एकात साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात 'ऱ' हे वेगळं अक्षरच वापरतात. दिसायला दोन्ही सारखे. पण पहिल्या प्रकारातलं न दिसणारं चिन्ह या ॲपमधून त्या ॲपमध्ये चिकटवताना गळून पडू शकतं, आणि मग 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. आमच्या डोंगरात समुद्र! 'ऱ' हे अक्षर वापरून टाइप करा आणि निर्यातीआधी 'दर्या', 'वार्या', 'सार्या' असे शब्द शोधून बघा.

पॅनडॉक

पॅनडॉक हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली तो पहिल्यांदा लोकांपुढं ठेवला. तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. बसवल्यावर त्याचं चित्र कुठं दिसत नाही, तेव्हा घाबरू नका; त्याला हुकूम टाइप करून द्यावा लागतो. विंडोजवर 'बियाणं' फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथं हा हुकूम, सगळा रोमन अक्षरांत:

पॅनडॉक ओव्या.एमडी -ओ ओव्या.डॉकएक्स

पहिला शब्द प्रोग्रामचा, दुसरा मूळ फाइलीचा (एमडी ही मार्कडाउन फाइलीची शेपटी, म्हणजे नावातल्या ठिपक्यानंतरची अक्षरं), 'वजा ओ' म्हणजे 'यात काढून दे', शेवटी नव्या फाइलीचं नाव. शेपटी डी-ओ-सी-एक्स असली तर वर्डची फाइल येते, ओ-डी-टी असली तर लिबरऑफिसची, ई-पी-यू-बी असली तर ई-पुस्तक. मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

हे करण्याआधी मूळ फाइलीच्या अगदी वर तीन आडव्या रेघांच्या (---) दोन ओळींमध्ये पुस्तकाची माहिती लिहा: 'टायटल', 'ऑथर' आणि 'लँग' हे शब्द रोमन अक्षरांत, प्रत्येकापुढं विसर्गासारखे दोन ठिपके, एक जागा, आणि मग माहिती. 'लँग'पुढं एम-आर ही दोन अक्षरं. ती म्हणजे मराठी. ही ओळ सोडू नका. मराठीतले 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, आणि काही फाँटांत दोन्ही वळणं असतात. भाषा मराठी आहे हे कळलं तर मराठी वळण येण्याची शक्यता वाढते.

छापखान्यासाठी वर्ड

पहिल्यांदा निघालेली वर्ड फाइल ओबडधोबड दिसेल. ती उघडून प्रत्येक पान हातानं सजवू नका, कारण पुढच्या निर्यातीत ते सगळं जाईल. त्याऐवजी ती फाइल 'नमुना' या नावानं वेगळी ठेवा आणि तिच्यातल्या शैली बदला: मजकुराची, शीर्षकांची, समास, कागद ए-फोर. पुढच्या वेळी हुकुमाच्या शेवटी दोन वजा चिन्हं, 'रेफरन्स-डॉक', बरोबरचं चिन्ह आणि नमुन्याचं नाव दिलं की पॅनडॉक नमुन्यातला मजकूर सोडून फक्त रूप उचलतो. एकदा अर्धा दिवस खर्च केला की नमुना वर्षानुवर्षं चालतो.

इथं मराठी माणूस हमखास अडकतो ते सांगते. शैलीत फाँट बदलला, आकार १४ केला, तरी मराठी अक्षरं हलतच नाहीत, फक्त मधले इंग्रजी आकडे मोठे होतात. कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं आणि तिचा फाँट व आकार वेगळ्या रकान्यांत ठेवतं. फाँटच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा भाग असतो, तिथं बदला. तो भाग दिसत नसेल तर आधी वर्डच्या भाषांच्या यादीत मराठी घाला. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', मग भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करावं लागतं. मी भाच्याला फोन करून रडकुंडीला आले होते तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मावशी, खालचा रकाना बघितलास काय?"

फाँट निवडताना छापखान्याला आधी विचारा. माझ्या यादीत तिसरा रकाना कन्नड शब्दांचा आहे, कारण 'तूप' आणि 'तुप्प', 'अडकित्ता', 'अक्का', 'अण्णा' हे शब्द दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी दिसावेत असं मला वाटतं. इथल्या माणसाला ते नातं रोज ऐकू येतं. विंडोजचा निर्मला यूआय हा फाँट देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो. छपाईला मला नोटो सेरिफ देवनागरी आणि नोटो सेरिफ कन्नड ही जोडी जास्त आवडते. दोन्ही फुकट आहेत आणि एकमेकांशेजारी शोभतात.

तीन रकान्यांची यादी करताना रकान्यांच्या मध्ये उभ्या रेघा देण्याची पद्धत वापरा, जागा मोजून रकाने जुळवण्याची नको. काना-मात्रांमुळं देवनागरीत जागा डोळ्याला दिसते तशी मोजली जात नाही आणि रकाने सरकतात.

पीडीएफ

थेट पीडीएफ मागितलं तर पॅनडॉक ते काम लेटेक नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडं देतो. तो आधी बसवावा लागतो, आणि त्याच्या नेहमीच्या इंजिनाला देवनागरी झेपत नाही. पहिल्याच अक्षराला तक्रार येते. 'झीलेटेक' हे इंजिन निवडून मराठी फाँटचं नाव दिलं तर पीडीएफ निघतं, पण त्या फाँटात कन्नड नसेल तर कन्नड शब्दांच्या जागी रिकामी जागा किंवा चौकोन राहतो.

मी दुसरी वाट धरते. आधी एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं वेबपान काढते, हुकुमात 'वजा एस' घालून:

पॅनडॉक -एस ओव्या.एमडी -ओ ओव्या.एचटीएमएल

ती फाइल ब्राउझरमध्ये उघडायची, छपाईचा हुकूम द्यायचा आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं. ब्राउझर जोडाक्षरं नीट जुळवतो, आणि एका फाँटात कन्नड नसेल तर संगणकातला दुसरा फाँट आपणहून घेतो. छपाईच्या खिडकीत 'हेडर्स अँड फूटर्स'ची खूण काढा, नाहीतर प्रत्येक पानाच्या कडेला तारीख आणि तुमच्या संगणकावरचा फाइलीचा पत्ता छापला जातो.

'वजा एस' विसरलात तर फाइल अर्धवट निघते, तिला डोकंच नसतं, आणि मजकूर यूटीएफ-८ आहे हे ब्राउझरला कळेलच असं नाही. कळलं नाही तर प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं बारकं वर्तुळ दिसायला लागतं. हे दिसलं तर मजकूर खराब झालेला नाही. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांत, म्हणजे साठवणीच्या तीन घरांत ठेवतात, आणि ते तीन बाइट ब्राउझर तीन वेगळी अक्षरं समजून वाचतो आहे. 'वजा एस' घालून पुन्हा काढा.

पीडीएफ पाठवलं म्हणून मूळ मजकूर कधी पुसू नका. पीडीएफमधून मराठी उलट चिकटवून घेतलं तर पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात.

मोबाइलसाठी ई-पुस्तक

हे सगळ्यात सोपं. शेपटी ई-पी-यू-बी ठेवायची, झालं. प्रत्येक # शीर्षकाला नवं प्रकरण सुरू होतं आणि अनुक्रमणिका आपोआप बनते. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पीडीएफपेक्षा हे बरं, कारण अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी पडद्यात बसतात. आत्याची नात तिला याच फाइलीतून वाचून दाखवते.

दुरुस्त्या परत आल्या तर

यंदा एका छापखान्यातून वर्ड फाइल तपासून परत आली, "शुद्धलेखन बघून दिलंय" म्हणून. काय बदललं ते कुणी सांगितलं नव्हतं. मग मी दोन्ही फाइली साध्या मजकुरात काढल्या, माझी मूळ आणि त्यांची वर्ड. हुकुमात 'वजा टी प्लेन' आणि दोन वजा, 'रॅप', बरोबर, 'नन' असं घातलं की ओळी मध्येच तुटत नाहीत आणि तुलना स्वच्छ होते. मग विनमर्ज या फुकट प्रोग्राममध्ये दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. वेगळे शब्द रंगवलेले दिसतात.

सतरा बदल होते. चार खरंच माझ्या टायपिंगच्या चुका होत्या, त्या मी 'बियाणं'मध्ये दुरुस्त केल्या. उरलेल्या तेरा ठिकाणी आत्याची बोली पुसली होती. 'पाण्यावाणी'चं 'पाण्यासारखा' झालं होतं, 'सरलं'चं 'संपले'. मी छापखान्यात जाऊन बसले आणि समजावून सांगितलं की ही शुद्धलेखनाची चूक नव्हे, ती बाई असंच म्हणते. त्यांना ते पटलं. घरी आले, चार दुरुस्त्यांसकट मूळ फाइलीतून वर्ड, पीडीएफ आणि ई-पुस्तक तिन्ही नव्यानं काढली, जुन्या प्रती 'धाडायचं'मधून पुसल्या आणि नवी वर्ड फाइल त्याच दुपारी पोचती केली.